आठ कथा, आठ रात्री : एम. आर. जेम्सचा भयकथासंग्रह कसा वाचावा

भयकथांचा संग्रह हातात आला की आपण तो कादंबरीसारखा वाचायला घेतो. रविवारी दुपारी जेवून आडवं व्हायचं, एका बैठकीत चार कथा उरकायच्या आणि "छे, यात घाबरण्यासारखं काय आहे?" म्हणत कूस बदलायची. मीही कित्येक वर्षं असाच वाचत होतो. पण लागोपाठ वाचलं की चौथ्या कथेपर्यंत भीती उरतच नाही. उरतो तो फक्त अंदाज, की आता भूत खिडकीतून येणार की कपाटातून.

भयकथा वाचायची रीत वेगळी आहे आणि ती शिकता येते. ती नीट कळावी म्हणून मी इथे एकच पुस्तक घेतो: 'घोस्ट स्टोरीज ऑफ अॅन अँटिक्वरी'. लेखक मॉन्टेग्यू ऱ्होड्स जेम्स, साल १९०४, कथा फक्त आठ. इंग्रजी भूतकथेत याच्या तोडीचं पुस्तक मला तरी दुसरं सापडलेलं नाही. शिवाय ते लहान आहे, फुकट मिळतं आणि मराठी वाचकाला थोडं अवघडही जातं. त्या अवघडपणातून वाट कशी काढायची, हेच पुढे सांगतो. एकाही कथेचा शेवट फोडणार नाही. थोडंफार सूचित होईल, त्याला इलाज नाही.

१. प्रत मिळवा, पण प्रस्तावना मिटून ठेवा

जेम्स १९३६ साली वारला. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे १९९६ साल सरल्यापासून हे पुस्तक भारतात कोणालाही मोकळं आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घ्या. फोनवर वाचणार असाल तर अक्षर मोठं करा. जेम्सची वाक्यं लांब असतात, बारीक अक्षरात ओळ हरवते.

ज्यांना टिपा हव्यात त्यांनी छापील प्रत घ्यावी. ऑक्सफर्डच्या 'वर्ल्ड्स क्लासिक्स' मालेत डॅरिल जोन्स यांनी संपादित केलेल्या समग्र कथा आहेत. पेंग्विनने २००५ साली काढलेल्या खंडाचे संपादक आहेत एस. टी. जोशी, म्हणजे सुनंद त्र्यंबक जोशी. जन्म पुण्याचा, लहानपणीच अमेरिकेला गेले, आणि आज इंग्रजी भयसाहित्याच्या अभ्यासात त्यांना वगळून पुढे जाता येत नाही. नाव वाचून मला उगाचच बरं वाटलं होतं.

आता महत्त्वाची सूचना. अभ्यासकाची प्रस्तावना शेवटी वाचायची. अभ्यासक गृहीत धरतो की कथा तुम्ही आधीच वाचल्या आहेत, आणि निवांतपणे शेवट सांगून टाकतो. टिपाही पहिल्या वाचनात उघडू नका. मात्र जेम्सने स्वतः पहिल्या आवृत्तीला जोडलेलं छोटं निवेदन आधी वाचा. संध्याकाळी एकट्याने वाट चालताना किंवा विझत्या शेकोटीशी बसलेलं असताना वाचकाला थोडं सुखद अस्वस्थ वाटलं, तर माझं काम झालं, अशा अर्थाचं तो लिहितो. 'सुखद' हा शब्द विसरू नका. रक्ताचे सडे शोधत आलात तर निराश व्हाल.

सचित्र आवृत्ती मिळाली तर चित्रं हाताने झाकून वाचा. जेम्सचा मित्र जेम्स मॅकब्राइड या कथांसाठी चित्रं काढत होता. १९०४ च्या जून महिन्यात शस्त्रक्रियेनंतर तो गेला, तोवर चारच चित्रं पूर्ण झाली होती. पुस्तक त्याच्या आठवणीसाठीही निघालं. ती चारही चित्रं सुंदर आहेत आणि नेमकी नको तिथे सगळं दाखवून टाकतात.

२. लेखकाची ओळख, पाच मिनिटांपुरती

एवढं माहीत असलं की पुरे: जेम्स हा व्यवसायाने कथालेखक नव्हता. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातला विद्वान, पुढे तिथला प्रमुख, शेवटी ईटन या शाळेचा प्रमुख. काही वर्षं फिट्झविल्यम म्युझियमचा संचालक. आयुष्यभराचं काम म्हणजे जुन्या हस्तलिखितांच्या याद्या करणं. आपल्याकडे दफ्तरखान्यात बसून मोडी कागद चाळणारा आणि शाईवरून कागदाचं वय सांगणारा एखादा संशोधक डोळ्यांसमोर आणा. अशा माणसाने फावल्या वेळात भुताच्या गोष्टी लिहिल्या. त्यामुळे त्याच्या कथेतला जुना कागद खोटा असला तरी खरा वाटतो. एखादा लॅटिन उतारा, एखादी तारीख, एखाद्या चर्चचा तपशील असा काही येतो की आपण मान डोलावतो, आणि मान डोलावली की सापळ्यात अडकलो.

दुसरी गोष्ट, या कथा वाचण्यासाठी नव्हत्या, ऐकण्यासाठी होत्या. यातल्या दोन त्याने २८ ऑक्टोबर १८९३ रोजी केंब्रिजच्या एका छोट्या मंडळापुढे वाचल्या. पुढे नाताळात मित्रांना कथा वाचून दाखवायचा परिपाठच पडला. आठवण सांगणाऱ्यांनी लिहून ठेवलंय की जेम्स आतल्या खोलीतून हस्तलिखित घेऊन यायचा, एक सोडून बाकीच्या मेणबत्त्या फुंकायचा आणि त्या एकीपाशी बसून वाचायला लागायचा. याचा उपयोग आपल्याला सातव्या पायरीवर होणार आहे.

३. शब्दांची चिठ्ठी आधी करून ठेवा

ऐन रंगात आलेल्या कथेतून उठून शब्दकोश उघडला की कथा मेली. म्हणून आदल्या दिवशीच एका चिठ्ठीवर पंधरा-वीस शब्द लिहून पुस्तकात खूण म्हणून ठेवा. माझ्या चिठ्ठीतले काही देतो.

अँटिक्वरी म्हणजे पुराणवस्तूंचा आणि जुन्या कागदांचा नाद असलेला माणूस. कॅनन हा मोठ्या चर्चचा एक अधिकारी. तोफेशी संबंध नाही. सॅक्रिस्टन म्हणजे चर्चमधल्या मौल्यवान वस्तू आणि पूजासाहित्य सांभाळणारा. अॅबट हा मठाधिपती. टेम्प्लर म्हणजे धर्मयुद्धांच्या काळातला लढवय्या साधूंचा पंथ. त्यांच्या ठाण्याचे भग्नावशेष एका कथेत येतात. कोराझिन हे गॅलिली प्रांतातलं गाव, बायबलमध्ये येशूने ज्या गावांना धिक्कारलं त्यांतलं एक. ते नाव एका कथेत अगदी सहज येऊन जातं. अर्थ माहीत नसेल तर तुम्ही त्याच्यावरून पुढे निघून जाल, आणि तिथेच सगळं बिनसलेलं असतं.

मेझोटिंट हा शब्द थोडा खोलात समजून घ्या. तांब्याचा पत्रा दातेरी हत्याराने सगळीकडून खरखरीत करतात. तसाच छापला तर कागद पूर्ण काळा उमटतो. मग जिथे उजेड हवा तिथे पत्रा घासून गुळगुळीत करायचा. म्हणजे हे चित्र काळोखातून उजेड खरवडून काढलेलं असतं. त्या नावाची कथा वाचताना हे डोक्यात असू द्या.

नोकरचाकरांचं बोलणं हा आणखी एक अडथळा. जेम्स त्यांची इंग्रजी जशी कानावर पडते तशी लिहितो, अक्षरं गाळून. डोळ्यांनी वाचलं तर काही कळत नाही, ओठ हलवून वाचलं की लगेच कळतं. खरं सांगायचं तर त्या विनोदात जुन्या इंग्लंडातला साहेबी तोराही आहे, आणि स्त्रिया तर या पुस्तकात नावापुरत्याच. ते खटकलं तर खटकू द्या. पण कामाची खबर बहुतेक वेळा नोकराच्याच तोंडून येते, म्हणून ती पानं गाळू नका.

४. क्रम तुमचा तुम्ही लावा

कथासंग्रह पहिल्या पानापासून वाचलाच पाहिजे असा नियम नाही. जेम्सने या कथा वर्षानुवर्षं सवडीने लिहिल्या, आणि पुस्तकातला क्रम नवख्या वाचकाची सोय बघून लावलेला नाही. मी लोकांना सांगतो तो क्रम असा.

पहिली रात्र 'द मेझोटिंट'. विद्यापीठाच्या संग्रहालयासाठी चित्रं गोळा करणाऱ्या एका गृहस्थाकडे दोन गिनींना एक सुमार चित्र येतं: जुना वाडा, पुढे हिरवळ. बस. कथेतल्या लोकांना प्रत्यक्ष काहीच इजा होत नाही, ते फक्त चित्राकडे बघतात. आपणही त्यांच्या खांद्यावरून बघतो. जेम्सची चाल समजायला याहून सोपी कथा नाही.

दुसऱ्या रात्री 'नंबर १३'. डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावातलं हॉटेल. पाहुणा १२ नंबरच्या खोलीत उतरतो. खोलीला खिडक्या किती, हे प्रत्येक वेळी मोजत चला. एवढंच सांगतो. जेम्स आणि त्याचे मित्र डेन्मार्क-स्वीडनमध्ये फिरले होते, त्यामुळे गाव, दफ्तर, हॉटेलातली वागणूक सगळं पाहून लिहिल्यासारखं आहे. थोडी गंमतही आहे, दुसऱ्या रात्रीला बरी पडते.

तिसरी 'कॅनन अल्बेरिक्स स्क्रॅपबुक'. फ्रान्समध्ये पिरेनीजच्या पायथ्याला सेंट बर्ट्रांड द कॉमिंज नावाचं गाव खरोखर आहे आणि तिथल्या चर्चमध्ये भिंतीवर पेंढा भरलेली सुसरही खरोखर आहे. कथेत तिचा उल्लेख येतो. शक्य असेल तर संध्याकाळी त्या चर्चचे फोटो बघून ठेवा. सुसर खरी निघाली की बाकीच्यावर अविश्वास दाखवणं कठीण जातं.

चौथ्या रात्री 'द अॅश-ट्री'. १६९० साली चेटकीण ठरवून फाशी दिलेली एक बाई आणि वाड्याला लागून उभं असलेलं झाड. यात एक पाद्री बायबल कुठेही उघडतो आणि बोट ठेवलेली ओळ वाचतो. आपल्याकडे कौल लावतात, त्यातलाच प्रकार. त्या ओळी कागदावर उतरवून ठेवा, त्यांचा हिशेब पुढे चुकता होतो.

पाचवी 'लॉस्ट हार्ट्स'. ही मुलांना वाचून दाखवू नका. अनाथ मुलगा, प्रेमळ वाटणारा म्हातारा नातेवाईक, त्याआधी त्या घरात राहून गेलेली दोन मुलं. संग्रहातली सर्वांत उघडीवाघडी कथा हीच, आणि माझ्या मते त्यामुळेच थोडी कमी प्रतीची. पण तिच्यातली वेदना बाकीच्या कुठल्याही कथेत नाही.

सहावी 'द ट्रेझर ऑफ अॅबट थॉमस'. गुप्तधन, विहीर, सांकेतिक लिपी. निम्मी कथा कोडं सोडवण्यात जाते, म्हणून कंटाळवाणी वाटू शकते. एक गोष्ट मदतीला घ्या: कथेतल्या जर्मन मठाच्या रंगीत काचांना खऱ्या काचांचा आधार आहे. स्टाइनफेल्ड मठातल्या त्या काचा जेम्सने इंग्लंडमधल्या एका खासगी चर्चमध्ये अभ्यासल्या होत्या, आणि आज त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

सातव्या रात्री 'ओ, व्हिसल, अँड आय'ल कम टू यू, माय लॅड'. शेवटी 'काउंट मॅग्नस'. या दोघींबद्दल पुढे.

५. वेळ, दिवा आणि एक नियम

नियम असा: एका रात्री एक कथा, आणि सुरू केलेली कथा एका बैठकीत संपवायची. एडगर अॅलन पोने १८४२ मध्येच म्हटलं होतं की लघुकथेचं बळ ती एका बैठकीत वाचून होण्यात आहे. मध्ये व्यवहार शिरला की परिणाम मोडतो. भयकथेला हे दुपटीने लागू आहे. कथा मध्येच थांबवून दूधवाल्याचे पैसे दिलेत तर पहिल्या पानापासून सुरू करा. इंग्रजी सराईत असेल तर अर्धा-पाऊण तास, नसेल तर तासभर धरा. फोनवर वाचणार असाल तर तो विमानात असल्यासारखा करून ठेवा. भूत येणार त्याच क्षणी कुटुंबाच्या ग्रुपवर सुप्रभातचं फूल येतं, हा माझा अनुभव.

अंधार करायची गरज नाही. अक्षरावर उजेड आणि खोलीचे कोपरे मंद, एवढं पुरे. पंख्याच्या आवाजाचं काही करता येत नाही. मी हे पुस्तक पहिल्यांदा सांगलीला लोडशेडिंगच्या दिवसांत कंदिलावर वाचलं, पण तो योगायोग. कोणी मुद्दाम कंदील शोधत बसू नये.

६. रात्रीचं वाचन आणि सकाळचं वाचन

रात्री हातात पेन नको. कथा जशी येते तशी येऊ द्या. फक्त एक खेळ खेळा: पहिल्यांदा काहीतरी चुकीचं कुठे वाटलं, ती जागा मनात धरून ठेवा. जेम्सने १९२४ साली एका भूतकथासंग्रहाच्या प्रस्तावनेत आपली कृतीच सांगून टाकली आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: माणसं आधी शांतपणे भेटू द्यावीत, आपापल्या कामात, आपल्या आवडत्या परिसरात. मग त्या शांततेत त्या अशुभ गोष्टीने हळूच डोकं वर काढावं, आधी न जाणवेल असं, मग जास्त हट्टाने, आणि शेवटी सगळा रंगमंच तिनेच व्यापावा. म्हणून त्याच्या कथांची पहिली पानं 'काहीच घडत नाही' अशी असतात. गोल्फ, जेवण, हवापाणी, पुस्तकांचे भाव. मुरांबा मुरायला ठेवलाय असं समजा आणि ढवळू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाबरोबर, तीच कथा पुन्हा चाळा. खरी मजा इथे आहे. आता पेन घ्या आणि तीन गोष्टी शोधा.

पहिली, हे कोण सांगतंय. जेम्सकडे ज्याच्यावर प्रसंग ओढवतो तो माणूस स्वतः क्वचितच बोलतो. त्याचा मित्र बोलतो, किंवा कुठल्या घरात सापडलेले कागद बोलतात. 'काउंट मॅग्नस' तर सगळीच अशी आहे: स्वीडनला गेलेला एक हौशी प्रवासवर्णनकार, त्याच्या टिपणवह्या, आणि त्या चाळणारा कोणी तिसरा. वह्यांच्या शेवटी नोंदी कशा झाल्यात हे निवेदक सांगतो तेव्हा मला थंडी वाजली होती. नवख्याला ही कथा फिकी वाटते, कारण बरंच काही सांगायचं टाळलेलं आहे. म्हणून ती आठव्या रात्रीला. सात रात्रींत तुमचा कान तयार झालेला असतो. थडग्याला तीन कुलपं आहेत. मोजत राहा.

दुसरी, हात कुठे घातला. या पुस्तकातली बरीच माणसं वाईट नाहीत, फक्त त्यांचा हात नको तिथे जातो. कोणी जुनी वही स्वस्तात विकत घेतो, कोणी पडक्या भिंतीच्या खाचेत बोटं घालतो, कोणी विहिरीत उतरतो. तो क्षण अधोरेखित करा. बहुधा तो अर्ध्या वाक्यात उरकलेला असतो आणि रात्री तुमच्या नजरेतून निसटलेला असतो.

तिसरी, फट कुठे आहे. हे सगळं मनाचे खेळ असतील, कोणी चेष्टा केली असेल, असं म्हणायला जागा ठेवलेली असते का? जेम्सचं मत होतं की अशी पळवाट ठेवायला हरकत नाही, पण ती इतकी अरुंद हवी की कोणाला तिच्यातून खरं तर बाहेर पडता येऊ नये. 'ओ, व्हिसल' मध्ये ही फट किती अरुंद आहे ते मोजून बघा. भुताखेतांवर तिळमात्र विश्वास नसलेले प्रोफेसर पार्किन्स समुद्रकाठी सुट्टीला येतात. खोलीत पलंग दोन, माणूस एक. त्यांना एक जुनी शिट्टी सापडते. तिच्यावरच्या एका लॅटिन ओळीचा अर्थ: हा जो येतो आहे, तो कोण? दुसऱ्या बाजूच्या अक्षरांवरून अभ्यासकांचे वाद आहेत, त्यात तुम्ही पडू नका. ओळ एकच पुरते.

७. मोठ्याने वाचा, आणि भुताचं नाव सांगू नका

आठांपैकी एक तरी कथा कोणाला तरी ऐकवा. इंग्रजी समजणारं कोणी नसेल तर तोंडी मराठी करत सांगा. वाक्यागणिक भाषांतर नको. सुट्टीत पोरांना गोष्ट सांगतो तसं, पण तपशील न गाळता. या सांगण्यातच मला या पुस्तकाची खरी ओळख झाली.

माझी मावशी कुडाळची. तिला 'ओ, व्हिसल' सांगितली. तिने सुपारी कातरता कातरता शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, "अरे, पण तां होतां काय?" मी म्हटलं, ते लेखकाने सांगितलेलं नाही. तिला ते अजिबात पटलं नाही. ज्याचं नाव नाही त्याला माणसाने करायचं तरी काय?

तिचा प्रश्न मला टीकाकारांच्या दहा लेखांपेक्षा मोलाचा वाटतो. आपल्याकडच्या भुतांची कागदपत्रं पूर्ण असतात. मुंजा कोण, तर मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, राहतो पिंपळावर. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई, पावलं उलटी. समंध धनाची किंवा वाड्याची राखण करत बसतो. गिऱ्हा पाण्यात, चकवा रानात. वेताळ तर कित्येक गावांत देवच आहे. सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला लोक मोठाल्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची गस्त घालतो आणि त्याच्या चपला झिजतात. नाव कळलं की गाऱ्हाणं कळतं, गाऱ्हाणं कळलं की उतारा कळतो. नारळ, लिंबू, दहीभात, तिठा. आपल्या भुताशी व्यवहार करता येतो.

जेम्सच्या भुताशी येत नाही. त्याला नाव नाही, त्याची काही मागणी नाही, आणि ते भलं तर मुळीच नाही. भूत दुष्टच हवं, असा जेम्सचा आग्रह होता. ते धड दिसतही नाही. बरेचदा डोळ्यांआधी हाताला कळतं, केसाळ, ओलसर किंवा नुसतंच चुरगळलेलं काहीतरी. म्हणून सांगताना मोह आवरा. ऐकणाऱ्याला सोपं जावं म्हणून "तिथे एक हडळ होती" असं म्हणालात की कथा संपली, कारण हडळीचं काय करायचं ते प्रत्येकाला ठाऊक आहे. 'ते', 'काहीतरी', 'कोणीतरी' एवढ्यावरच भागवा. मराठीत नपुंसकलिंग आहे, ही इथे केवढी सोय आहे! इंग्रजीत जे साधायला जेम्सला खटपट करावी लागते ते आपण एका 'ते'मध्ये करतो.

वाचताना आवाज बदलू नका, खर्जात जाऊ नका. जितकं कोरडं वाचाल तितकं बरं. सातबाराचा उतारा वाचून दाखवतो तसं.

८. नंतर काय

पडद्यावरची रूपं कथा दोनदा वाचून झाल्यावरच बघा. 'ओ, व्हिसल'वरून बीबीसीने १९६८ साली जोनाथन मिलरच्या दिग्दर्शनात केलेला काळा-पांढरा लघुपट पहिल्यांदा बघा. पुढे 'लॉस्ट हार्ट्स' १९७३ मध्ये, 'अॅबट थॉमस' १९७४ मध्ये आणि 'अॅश-ट्री' १९७५ मध्ये नाताळासाठी चित्रित झाल्या. छान आहेत, पण कॅमेऱ्याला शेवटी काहीतरी दाखवावंच लागतं.

मग आपल्या कपाटाकडे या. हीच रीत, दोन वाचनं आणि तीन प्रश्न, मराठी संग्रहांना लावून बघा. फरक लगेच दिसेल. नारायण धारपांच्या कथांत बऱ्याचदा त्यांच्या 'समर्थ' या पात्रासारखा जाणता माणूस असतो, जो समोरच्या शक्तीला ओळखतो आणि तिच्याशी झुंजतो. म्हणजे मावशीच्या प्रश्नाला तिथे उत्तर मिळतं. त्यामुळे तिथे 'फट कुठे' यापेक्षा 'ओळख कधी पटली' हा प्रश्न जास्त फळ देतो. धारपांनी परदेशी कथांची बीजं मराठी मातीत लावली हे खरं, पण 'आजी' ही त्यांची कथा पुढे २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटापर्यंत पोचली, यावरून रोप किती धरलं ते कळतं. रत्नाकर मतकरींची गूढकथा वेगळी. तिथे 'हात कुठे घातला' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा माणसाच्या मनातच सापडतं, आणि जागा म्हणजे तुमच्या-आमच्यासारखा ब्लॉक. ती दुपारी वाचली तरी चालते. दुपारीच वाचावी, असंही म्हणेन.

झोप उडाली तर दोन दिवस थांबा. आठ रात्री सलग हव्यात असं काही नाही, मला पहिल्या खेपेला महिना लागला होता.

मावशीला गोष्ट सांगितली त्या रात्री मी तिच्याकडेच होतो. 'नाव नाही तर भ्यायचं कशाला' असं ती जेवताना दोनदा म्हणाली. झोपायच्या आधी मात्र तिने आपल्या खोलीतल्या रिकाम्या कॉटवरची चादर काढली, घडी केली, कपाटात ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली.